वर्तककाकांच्या अध्यक्षीणबाई

वर्तककाकांनी फुजी पर्वताला शंभरपैकी बावन्न मार्क दिले आहेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. बुलेट ट्रेनमध्ये मी त्यांच्या शेजारच्याच सीटवर होते. हवा स्वच्छ होती, आणि डोंगर डोक्यावर बर्फ घेऊन असा उभा होता की रोज येणारे-जाणारे जपानी साहेबसुद्धा लॅपटॉप मिटून खिडकीकडे वळले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, नाकावर उतरवून पाहिलं आणि म्हणाले, "बावन्न. आकार चांगला आहे, पण मांडणीत नावीन्य नाही."

त्यांचं सगळं असंच. साकुराच्या फुलांना एक्केचाळीस, कारण "टिकत नाहीत." इथल्या रेल्वेला अडुसष्ट, म्हणजे त्यांच्या हिशेबात जवळजवळ सुवर्णपदक. पण एकदा गाडी वेळेच्या थोडी आधी सुटली, तर लगेच दोन कापले. "लवकर सुटणं हीसुद्धा चूकच. तत्त्वाचा प्रश्न आहे." माझ्या पुरणपोळीला अठ्ठेचाळीस. मी रागावले तर समजूत घातली, "अहो, माझ्या आईला पंचावन्न होते. तुम्ही फार मागे नाही आहात."

नागोयाच्या एका टोकाला आमची दान्ची आहे. दान्ची म्हणजे आपल्याकडची सरकारी वसाहत समजा: पाच मजली, बिनलिफ्टच्या, सारख्या चेहऱ्याच्या इमारती, आणि प्रत्येक जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं. चौथ्या मजल्यावर एक दार आमचं, म्हणजे मी, नवरा नितीन आणि आमची इरा. समोरचं डॉक्टर वर्तकांचं. डॉक्टर म्हणजे गोळ्यांचे नव्हेत, धातूंचे. संशोधन संस्थेत त्यांची वीसेक वर्षं गेली. आता निवृत्त झालेत, तरी आठवड्यातून दोन-तीन दिवस जातात आणि तरुण पोरांच्या प्रबंधांना काठावर पास करून येतात. जपानी लोकांना 'वर्तक' म्हणता येत नाही, म्हणून दान्चीत ते 'बारुताकु-सेन्सेई', म्हणजे वर्तक गुरुजी. बाकी सगळे, बाई असो की बुवा, नुसते 'सान'. लग्न केलेलं नाही. नितीननं एकदा आडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तीन ठिकाणी बघायला गेलो होतो. तिन्ही ठिकाणी मी नापास."

काकांच्या घरात आजोबासुद्धा एम. ए. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथे तिथे सांगते, कारण मला सांगायला आवडतं. आई पिठाची गिरणी चालवायची आणि मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावातून मी एस.टी.नं सोलापूरला जाऊन इंजिनिअर झाले. पहिल्याच भेटीत काकांनी कॉलेजचं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी सवयीनं आकडा टाकला, "पंचेचाळीस."

मी म्हटलं, "काका, मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. तुम्ही घरातले कितवे?"

त्यांनी प्रामाणिकपणे बोटं मोजली. "सहावा असेन."

"मग मला साठ द्या."

ते म्हणाले, "बासष्ट." तेव्हापासून आमचं बरं जमतं.

एकाच विषयात मात्र सरसकट निकाल लागायचा. राजकारण. राष्ट्राध्यक्ष असो, पंतप्रधान असो, कुठल्याही देशाचा, कुठल्याही रंगाचा, पस्तीसच्या वर कुणाला नेलेलं नाही. आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही याचा त्यांना केवढा अभिमान! तरुणपणी भारतात निवडणुका लागायच्या तेव्हा हे प्रयोगशाळेत, आणि इथे परदेशी माणसाला मत नाही. "जगात आजवर जो कुणी निवडून आला," ते म्हणायचे, "त्यात माझा हात नाही. माझे हात स्वच्छ आहेत."

अशा माणसाला अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं वेड लागलं, त्याची ही गोष्ट.

झालं असं, की फेब्रुवारीत जिन्याच्या म्होरकेपणाची पाळी काकांवर आली. इथे प्रत्येक दान्चीची रहिवासी समिती असते आणि प्रत्येक जिन्याचा एक गटप्रमुख. पाळीपाळीनं सगळ्यांना व्हावंच लागतं, त्यात देशी-परदेशी नाही. गटप्रमुखानं बैठकीला जायचं असतं. काका कपाळाला आठ्या घालून गेले आणि परत आले ते जिना चढत नव्हते, उडत होते. मी नुकतीच भाजी घेऊन आले होते. मला मधल्या पायऱ्यांवरच गाठलं.

"अहो सुनीता, ओगावा-सान उभ्या राहिल्या!"

"का? बसायला जागा नव्हती?"

"अध्यक्षपदाला हो!"

याचं महत्त्व समजायला आमच्या दान्चीची रीत माहीत हवी. इथे अध्यक्षपदाला कुणी उभं राहत नाही. 'नवे अध्यक्ष कोण' असा प्रश्न आला की सगळे आपापल्या सपातांकडे बघायला लागतात. बराच वेळ बघतात. शेवटी हिरानो-सान नावाचे एक सज्जन गृहस्थ उसासा टाकून म्हणतात, "तर मग या वर्षीही मीच...", आणि सुटकेच्या टाळ्या पडतात. कित्येक वर्षं हेच चालू आहे. त्या दिवशी हिरानो-साननी उसासा घेतला, पण टाकायच्या आतच ओगावा-साननी हात वर केला.

ओगावा-सान काकांच्या बरोब्बर खाली, तिसऱ्या मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. उभी हयात सहलीच्या बसमध्ये गाईड म्हणून काढली. अजूनही काही दाखवायचं झालं की बोट दाखवत नाहीत. तळहात उताणा करून, हात लांबवून, गोड सुरात सांगतात, "आपल्या उजव्या हाताला प्लॅस्टिकचा कचरा. डाव्या हाताला काच." ऐकणाऱ्याला वाटतं, आता देऊळ दिसणार.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

काकांनी पायरीवरची माझी मेथीची पिशवी बाजूला सारून जागा केली आणि तळहात उताणा करून दाखवला. "म्हणाल्या, 'कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा हे आपल्या दान्चीत प्रत्येकाला ठाऊक आहे. दारामागे कोण राहतं, ते ठाऊक नाही.' काय वाक्य आहे!"

ओगावा-सानचं म्हणणं साधं होतं. जे एकटे राहतात त्यांनी सकाळी उठल्यावर दाराच्या मुठीला एक पिवळं फडकं बांधायचं, संध्याकाळी सोडून आत घ्यायचं. बांधलं म्हणजे आतला माणूस ठीक आहे. उन्हं वर आली तरी फडकं दिसलं नाही, तर समोरच्या दारानं विचारपूस करायची. करायचीच. तो नियम. जपानात काही वसाहतींत ही पद्धत आहेच. आमच्याकडे आणायची असेल, तर अध्यक्षांनी मनावर घेतलं पाहिजे आणि हिरानो-सान घेत नव्हते.

"किती मार्क दिलेत मग?" मी गमतीनं विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले. "मार्क? त्यांना मार्क देणारा मी कोण?"

आत जाऊन हे मी नितीनला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताप बघ त्यांचा."

दुसऱ्या दिवशी काका वही-पेन घेऊन आमच्याकडे हजर. "तुमच्या मातोश्री ग्रामपंचायतीला उभ्या होत्या म्हणालात?"

"दोनदा. एकदा पडली, एकदा आली."

"दुसऱ्या वेळेला काय वेगळं केलं?"

शास्त्रज्ञाचा प्रश्न होता, मीही सरळ उत्तर दिलं. "पहिल्या वेळेला ती म्हणाली, लोकांना माझं काम माहीत आहे. दुसऱ्या वेळेला दारोदार गेली. काका, दारात गेल्याशिवाय मत मिळत नाही. आणि मोकळ्या हातानं जायचं नाही."

"घोषणा वगैरे?"

"'येऊन येऊन येणार कोण', दुसरं काय!"

काकांनी हे सगळं लिहून घेतलं. मी तेव्हाच हसून विषय बदलायला हवा होता, असं नितीनचं मत आहे. पण खरं सांगू? वीस वर्षं प्रबंधांवर शेरे मारत आलेला माणूस माझ्या आईची युक्ती लिहून घेत होता. मला भारी वाटलं.

आणि प्रचार सुरू झाला. इथले उमेदवार पांढरे हातमोजे घालून हात हलवतात, हे काकांनी रस्त्यावर पाहिलेलं. त्यांनी मोजे आणले आणि उमेदवाराऐवजी स्वतःच घातले. घोषणेचं भाषांतर मात्र बिनसलं. 'येऊन येऊन येणार कोण' याचं त्यांनी शब्दाला शब्द ठेवून जपानी केलं आणि जिन्यात म्हणून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी कुणीतरी सारखं सारखं येतंय असं समजून आतून साखळी लावून घेतली. इरा मला म्हणाली, "आई, आजोबांना सांग ना, प्लीज. हाझुकाशीई!" म्हणजे लाज वाटते. तिला सगळ्याचीच वाटते, आठ वर्षांची आहे.

मग दारोदार. मोकळ्या हातानं जायचं नाही म्हणून काकांनी पोह्यांचा चिवडा केला. स्वतः केला, पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप घालून. छोट्या पिशव्या बांधल्या आणि आमचा जिना, शेजारचा जिना, पलीकडची इमारत असं करत निघाले. पहिल्या चार घरांनी त्यांना धर्मप्रचारक समजून दाराआडूनच सांगितलं, "आमचा आहे, धन्यवाद." पाचव्या घरानं वर्तमानपत्रवाला समजून तेच सांगितलं. पण काका चिकाटीचे. कमरेत वाकून "ओगावा-सानना मत द्या" म्हणत चिवडा हातात ठेवूनच परतायचे.

आणि मग परतफेड सुरू झाली. जपानी माणसाला काही दिलं की त्याच्या जिवाला चैन पडत नाही, तेवढ्याच तोलाचं काही परत दिल्याशिवाय तो झोपत नाही. दोन दिवसांत काकांच्या दाराशी संत्र्यांच्या पिशव्या, भाताची बिस्किटं, टॉवेल, मुळ्याचं लोणचं, कुणाच्या तरी परसातली केवढी तरी कोबी. काका कोबी कडेवर घेऊन आमच्या दारात उभे.

"सुनीता, तुमच्या गावात चिवडा दिल्यावर काय येतं?"

"मत येतं."

"इथे कोबी आली." ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे फिट्टंफाट झाली. आता ते मला मत का देतील?"

हिरानो-सान वाईट माणूस मुळीच नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. एका सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी दोघांची गाठ पडली. मी बाटल्यांची झाकणं वेगळी करत तिथेच होते. हिरानो-सान अदबीनं म्हणाले, "सेन्सेई, फडकं बांधलं की चोरालाही कळणार, इथे एकटं माणूस राहतं. आणि समोरच्या घरावर रोजचं ओझं. लोकांना कामं असतात. ते मनात वैतागतील, तोंडानं बोलणार नाहीत."

"म्हणूनच नियम हवा," काका म्हणाले. "नियमाला कुणी वैतागत नाही. कचऱ्याच्या वाराला वैतागतं का कुणी?"

हिरानो-सान जरा घुटमळले. "आपणही एकटेच राहता. आपल्या दाराला ते फडकं... आपल्याला संकोच नाही वाटणार?"

"माझा इथे काही संबंधच नाही!" काकांचा आवाज चढला, इतका की पलीकडचा कावळा उडाला. "मी तत्त्वासाठी करतोय!"

त्या रात्री जेवताना नितीन म्हणाला, "चिवडा तळणारं तत्त्व मी पहिल्यांदाच बघतोय." मी त्याला गप्प केलं. मला काका आवडायला लागले होते. रोज सकाळी ते दाढी करून, मोजे घालून निघायचे. बोलणंसुद्धा बदललेलं. पूर्वी वाक्य 'अपेक्षा काय होती?' असं संपायचं, आता 'बघाच तुम्ही' असं संपत होतं. ओगावा-सान स्वतः मात्र शांत. भेटल्या की तोंडावर हात धरून हसायच्या, "बारुताकु-सेन्सेई माझ्यापेक्षा जास्त उभे आहेत."

घात झाला तो वेगळ्याच ठिकाणी.

सभेच्या आधी प्रत्येक गटप्रमुखाकडे समितीचे छापील कागद आले. घरोघर जाऊन सह्या घ्यायच्या होत्या. काका जपानी बोलतात छान, पण वाचायची वेळ आली की वरून खाली नजर फिरवून म्हणतात, "सारांश कळला." सगळं आयुष्य प्रयोगशाळेतल्या इंग्रजीत गेलेलं. या कागदाचाही सारांश त्यांना कळला: सभेची सूचना मिळाल्याची पोच. त्यांनी तीही कामगिरी प्रचाराला जोडून टाकली. एका हातात कागद, तोंडात ओगावा-सान. "मत त्यांनाच द्या, आणि इथे सही करा. सही केलीत की तुमचं काम झालं!" आमच्या जिन्यातली जवळजवळ सगळी घरं, आणि शेजारच्या जिन्याचा गटप्रमुख आजारी म्हणून त्याचीसुद्धा. नितीननंही सही करून दिली, न वाचता. तो न वाचता सह्या करतो हे मला लग्नापासून माहीत आहे.

रविवारी सभागृहात सभा भरली. घड्या घालायच्या खुर्च्या, हिरवा चहा, दाराशी सपातांच्या रांगा. एका घराला एक मत. आमच्या घराचं द्यायला मी गेले होते. काका पहिल्या रांगेत, कोट घालून, मोज्यांसकट. त्यांच्या शेजारी बसले तेव्हा ते हळूच म्हणाले, "सुनीता, माझं पहिलं मत आहे हो. हात कुठला वर करतात, उजवाच ना?"

ओगावा-सान बोलल्या. फार नाही, एक स्टॉप ते दुसरा स्टॉप एवढंच. मग हिरानो-सान बोलले. मग हात वर करायला सांगितले. ओगावा-सानच्या बाजूनं इतके हात वर झाले की मी चकित झाले. चिवड्याची सगळी घरं हजर नव्हती, पण जी होती त्यांतली बहुतेक त्यांचीच. काकांचा पांढरा मोजा सगळ्यांत वर. हिरानो-सानच्या बाजूचे हात थोडे. काका माझ्याकडे वळून जे हसले, तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढचा एक दात तिरका आहे त्यांचा, हे मला त्या दिवशी कळलं.

मग हिरानो-सान खाकरले आणि त्यांनी टेबलावर एक गठ्ठा ठेवला.

ते काकांनी गोळा केलेले कागद होते. ती पोच नव्हती. 'मी सभेला येऊ शकत नाही, माझं मत अध्यक्षांच्या हवाली करतो' असं लिहिलेली ती संमती होती. इथली जुनी रीत आहे ती. जे येत नाहीत त्यांची मतं खुर्चीवरच्या माणसाकडे जातात. आणि सही केलीत की तुमचं काम झालं, असं खुद्द सेन्सेई सांगून गेल्यामुळे लोक निवांत घरी राहिले होते. नंतर कळलं, कित्येकांना वाटलं की सेन्सेईंनी बाजू बदलली असेल, पण विचारायचं कसं? आमच्या घराचा कागद तेवढा मी हजर असल्यामुळे बाद झाला. बाकी दोन जिन्यांतली जवळजवळ सगळी घरं काकांनी स्वतःच्या हातानं हिरानो-सानच्या पिशवीत घातली होती.

हिरानो-सान पुन्हा अध्यक्ष झाले. बिचारे इतके ओशाळले होते की टाळ्या वाजायच्या आधीच कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

काका उठले. कुणाला तरी काही म्हणायचं म्हणून तोंड उघडलं, पण भाषाच ठरेना, जपानी की मराठी. मग मोजे काढले, नीट घडी घालून खिशात ठेवले आणि सपाता बदलायला गेले. स्वतःचे बूट तिथेच विसरले, दुसऱ्याच कुणाच्या तरी बुटांत पाय घालून बाहेर पडले.

मी खुर्च्या घड्या करायला थांबले. शेजारी ओगावा-सानही खुर्च्याच उचलत होत्या, जशा काही पडलेल्या उमेदवार नव्हत्याच. मी म्हटलं, "फार वाईट वाटलं हो. काका तर..."

"हो ना. सेन्सेईंना वाईट वाटणारच," त्या म्हणाल्या. "जानेवारीत तसं झाल्यापासून त्यांनी फार मनावर घेतलं होतं."

"काय झालं जानेवारीत?"

त्यांच्या हातातली खुर्ची अर्धवट मिटलेली राहिली. "तुम्ही समोरच राहता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

नव्या वर्षाच्या सुट्टीत काकांच्या पाठीत उसण भरली होती. स्वयंपाकघरात वाकले ते तिथेच आडवे झाले. फोन आतल्या खोलीत. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ओगावा-सान वर आल्या त्या भांडायला. दान्चीत घरोघर फिरणारी सूचनांची पाटी काकांनी आत घेऊन ठेवली होती, खाली पाठवली नव्हती, आणि सुट्टीतल्या कचऱ्याचे वार त्याच पाटीवर होते. पाटी अडकलीय म्हणून बाई दार वाजवत राहिल्या. आतून ओ आली नाही. मग त्यांनी बसमध्ये मागच्या सीटला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली आणि आतून कुणीतरी जमिनीवर पळी आपटली.

"कुणाला सांगू नका म्हणाले होते," ओगावा-सान म्हणाल्या. "पण तुम्ही समोरच्या."

मी चार मजले चढून गेले. काकांचं दार उघडंच होतं. ते स्वयंपाकघरात कोबी चिरत होते, ती केवढी तरी होती ना, संपत नव्हती.

मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "काका, समोर आम्ही होतो. हाक का नाही मारलीत?"

त्यांना कळलं कशाबद्दल ते. सुरी थांबली नाही.

"तुमच्याकडे पाहुणे होते. योकोहामाचे ना? अंताक्षरी चालली होती." दोन-तीन काप पडले. "'ठ'वर अडकला होतात तुम्ही लोक. मला एक येत होतं."

"अहो, मग ओरडायचं ना!"

"दोनदा तोंड उघडलं. पण मदतीसाठी ओरडायचं म्हणजे आवाज कसा लावतात, तेच कळेना हो. कधी वेळ आली नव्हती." त्यांनी कोबी पातेल्यात लोटली. "आणि चांगले हसत होता तुम्ही. इरा केवढ्यांदा हसते! म्हटलं, संपू दे यांचं."

मी पातेल्याखालचा गॅस लावला. ते पुढे म्हणाले, पातेल्याकडे बघत. "ओगावा-सान आल्या असत्या ना अध्यक्ष, तर नियमच झाला असता. मग कुणाला सांगावं लागलं नसतं. कुणी कुणावर उपकार केले, असंही झालं नसतं. तुम्ही नियम म्हणून बघितलं असतं, मी नियम म्हणून बांधलं असतं."

एवढी मोठी निवडणूक लढवली या माणसानं, मोजे घातले, चिवडा केला, कारण समोरच्या दाराशी एक वाक्य बोलणं त्याला जमत नव्हतं.

"नियम गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "इराला शाळेत सोडायला निघते तेव्हा रोज तुमची बेल वाजवणार. आतून 'ओ' द्यायची. नाही दिलीत तर मी आत येणार, दार फोडून येणार. मी गिरणीवालीची मुलगी आहे, मला पोती उचलायची सवय आहे."

"रोज?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी नितीन वाजवेल. त्याला उठवायलाही काहीतरी कारण हवंच आहे."

काकांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाले, "पण सुनीता, ही बेल आतल्या खोलीत ऐकू येते की नाही, मला खात्री नाही. इतक्या वर्षांत कुणी... म्हणजे तपासून बघायला हवं."

"बघू या की."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं. ते आतल्या खोलीत गेल्याची पावलं ऐकली आणि बेल दाबली.

"आली!" आतून आवाज.

"काका, मधलं दार लावून घ्या, मग कळेल!"

मधलं दार सरकल्याचा आवाज आला. मी पुन्हा दाबली. थोडा वेळ काहीच नाही. आमच्या दारातून नितीन डोकावला, त्याला मी हातानंच थांब म्हटलं.

"आली!" काका ओरडले. आवाज अगदी स्वच्छ, जिनाभर घुमला. खाली तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. "चांगली ऐकू आली! अजून एकदा वाजवा!"